न वाचलेली ओळ: पाहणीत उत्तर देणारे माहितीकडे कानाडोळा का करतात

नवा रस्ता, नवी बससेवा, नदीचे शुद्धीकरण किंवा एखादे नवे उपचारतंत्र यांविषयीच्या बातम्यांत एक वाक्य वारंवार वाचायला मिळते: 'लोक यासाठी इतके पैसे मोजायला तयार आहेत.' हा आकडा आला कुठून, असा प्रश्न वाचकाला पडतोच. स्वच्छ हवेचा किंवा वाचलेल्या दहा मिनिटांचा बाजार भरत नाही, त्यामुळे त्यांचा भाव कोणत्याही दुकानात विचारता येत नाही. म्हणून लोकांसमोर काल्पनिक पण शक्य कोटीतले पर्याय ठेवतात, त्यांतला एक निवडायला सांगतात आणि अशा शेकडो निवडींवरून तो भाव काढतात. पद्धत उपयोगी आहे, पण तिच्या मुळाशी एक गृहीतक दडलेले आहे: उत्तर देणाऱ्याने समोर ठेवलेली सगळी माहिती वाचली आणि तोलली. हे गृहीतक बऱ्याचदा खरे नसते, आणि ते खोटे ठरले की आकडा कसा आणि किती बिघडतो, हे समजून घेणे ज्यांच्या नावाने तो आकडा छापला जातो त्या सर्वांच्याच हिताचे आहे.

निवडीच्या कार्डावर काय असते

समजा, दोन बससेवांपैकी एक निवडायची आहे. कार्डावर दोन स्तंभ आहेत, 'अ' आणि 'ब', आणि चार ओळी आहेत. प्रवासाचा वेळ: 'अ'मध्ये ४० मिनिटे, 'ब'मध्ये ५५. भाडे: 'अ'चे ३०, 'ब'चे २० (चलन कोणतेही धरा). थांब्यावर वाट पाहण्याचा काळ: ५ मिनिटे आणि १५ मिनिटे. बसायला जागा मिळण्याची शक्यता: दहापैकी ३ वेळा आणि दहापैकी ८ वेळा. खाली बहुधा तिसरा पर्यायही असतो, 'दोन्ही नकोत, आहे तेच बरे.' या चार ओळींना पर्यायाचे गुणधर्म म्हणतात, आणि अशा कार्डांच्या मालिकेला निवड-प्रयोग म्हणतात.

एक खूण केली की पुढचे कार्ड समोर येते. ओळी त्याच, आकडे वेगळे. अशी दहा कार्डे असतील तर एका माणसाला एका बैठकीत ऐंशी आकडे वाचून त्यांची आपापसांत तुलना करावी लागते, आणि तीही अशा बससाठी जी अजून रस्त्यावर आलेलीच नाही.

खुणांवरून भाव कसा निघतो

कोणतीही वस्तू म्हणजे तिच्या गुणधर्मांची मोट असते आणि माणसाला हवे असतात ते हे गुणधर्म, असा विचार केल्व्हिन लँकेस्टर यांनी १९६६ साली मांडला. डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात निवडींवरून प्रत्येक गुणधर्माचे वजन काढण्याचे गणित बसवले आणि त्या कामासाठी त्यांना २००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेम्स हेकमन यांच्यासोबत मिळाले. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट ही रेल्वेसेवा सुरू होण्यापूर्वी मॅकफॅडन यांच्या गटाने लोकांच्या प्रत्यक्ष प्रवासाची माहिती घेऊन अंदाज बांधला होता की ६.३ टक्के प्रवास त्या रेल्वेने होतील. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात आकडा ६.२ टक्के निघाला. अशा यशामुळे या गणितावरचा विश्वास वाढला, आणि पुढे तेच गणित काल्पनिक कार्डांवरच्या खुणांनाही लावले जाऊ लागले.

हिशोबाचे तत्त्व सोपे आहे. सगळ्यांच्या खुणा एकत्र केल्या की प्रवास एक मिनिटाने लांबल्यास पर्यायाची पसंती किती घटते आणि भाडे एका एककाने वाढल्यास ती किती घटते, हे कळते. पहिल्या वजनाला दुसऱ्याने भागले की एक मिनिट वाचवण्यासाठी लोक किती भाडे जास्त द्यायला तयार आहेत, हे निघते. भाड्याचे वजन नेहमी भाजक असते, हे लक्षात ठेवावे. पुढचा सगळा घोळ तिथेच आहे.

या भागाकारात असे धरलेले असते की उत्तर देणाऱ्याने चारही ओळी मनातल्या तराजूत टाकल्या, आणि एका ओळीतले नुकसान दुसऱ्या ओळीतल्या फायद्याने भरून निघू शकते असे मानूनच खूण केली. ज्याने भाड्याची ओळ वाचलीच नाही, त्याच्यासाठी कितीही भाडे वाढवले तरी काही बिघडत नाही. त्याच्या निवडीत देवाणघेवाण झालेलीच नसते, तरीही गणित ती झाली असे समजून पुढे जाते. एखाद्या गुणधर्माला असे हिशोबातूनच वगळण्याला अभ्यासक जे नाव देतात त्याचा सरळ अर्थ 'गुणधर्माकडे दुर्लक्ष' असा होतो, आणि येथे तेवढाच शब्द पुरेसा आहे.

पाचव्या कार्डापाशी काय घडते

पहिले कार्ड बहुतेक लोक मनापासून वाचतात. ओळी नव्या असतात, शब्द समजून घ्यायचे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या कार्डापर्यंत रचना पाठ होते आणि मनात एक ठोकताळा तयार होतो: आधी वेळ पाहायचा, फरक मोठा असेल तर तिथेच निर्णय, नसेल तरच भाडे. पाचव्या कार्डापाशी नजर थेट पहिल्या ओळीवर उतरते, ४० आणि ५५ हे दोन आकडे टिपते आणि बोट 'अ'वर जाते. खालच्या तीन ओळी छापलेल्या असतात, डोळ्यांसमोर असतात, पण त्या निर्णयात त्यांचा वाटा शून्य असतो.

याला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते की माणसाकडे वेळ, लक्ष आणि हिशोबाची ताकद मर्यादित असते, आणि म्हणून तो सर्वोत्तम पर्यायाच्या शोधात न राहता पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतो. एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७२ साली निवडीची एक पायरीपायरीची रीत मांडली: एक पैलू घ्यायचा, त्यावर न उतरणारे पर्याय बाद करायचे, मग पुढचा पैलू घ्यायचा. आपण सगळे रोज असेच निवडतो. त्यामुळे कार्डावर ओळी आणि स्तंभ वाढवत नेले की माणूस चाळणी अधिक कठोर करणार, यात नवल काही नाही.

एकाच मौनाचे अनेक अर्थ

खरी अडचण पुढे आहे. एखादी ओळ निर्णयात आली नाही, यावरून ती का आली नाही हे कळत नाही. कोणाला बसायला जागा मिळो न मिळो खरोखरच फरक पडत नसेल. त्याच्यासाठी त्या ओळीचे वजन शून्य आहे आणि ते शून्य ही त्याची प्रामाणिक पसंती आहे. दुसऱ्याला जागा हवी आहे, पण कार्डांवरचे फरक त्याला किरकोळ वाटले: दहापैकी ५ आणि दहापैकी ६ यांत त्याला निवडण्यासारखे काही दिसले नाही. फरक मोठा असता तर त्याने नक्की विचार केला असता, म्हणून त्याचे दुर्लक्ष फक्त त्या पल्ल्यापुरते खरे आहे. तिसऱ्याला 'दहापैकी ३ वेळा' म्हणजे नेमके काय हे उमगले नाही आणि विचारायला संकोच वाटला. चौथा थकला होता.

पाचव्या प्रकारचा उत्तरदाता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कार्ड बसचे नसून नदीच्या शुद्धीकरणाचे आहे आणि शेवटच्या ओळीत त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या वार्षिक कराचा आकडा आहे, असे समजा. पुष्कळांना वाटते की स्वच्छ पाणी हा हक्क आहे, त्याला किंमत लावणेच चूक आहे, किंवा खर्च प्रदूषण करणाऱ्याने द्यावा. असा माणूस कराची ओळ वाचतो, समजतो आणि जाणीवपूर्वक बाजूला ठेवतो. काही जण तर 'हा कर प्रत्यक्षात कोणी वसूल करणार नाही' अशा खात्रीने ती ओळ सोडतात. यांतल्या कोणाच्याही खुणेचा अर्थ 'मला पैशांची फिकीर नाही' असा होत नाही. पण कागदावर पाचही जण सारखेच दिसतात, कारण कार्डावर उमटते ती फक्त खूण.

आकडा किती हलतो

हिशोब अगदी ढोबळ ठेवू. शंभर जणांनी कार्डे भरली. सगळ्यांच्या मनात प्रवासाच्या एका मिनिटाचे वजन ०.२० आहे. त्यांतल्या सत्तर जणांच्या मनात भाड्याच्या एका एककाचे वजन ०.१० आहे. या सत्तर जणांसाठी एका मिनिटाची किंमत ०.२० भागिले ०.१०, म्हणजे २ एकक. उरलेल्या तीस जणांनी भाड्याची ओळ पाहिलीच नाही. त्यांच्यासाठी भाड्याचे वजन शून्य. आता सगळ्यांना एकाच पोत्यात घातले तर भाड्याचे सरासरी वजन ०.०७ होते आणि मिनिटाची किंमत ०.२० भागिले ०.०७, म्हणजे जवळजवळ २.८६ एकक. खऱ्या पद्धतीतले गणित याहून गुंतागुंतीचे असते, पण दिशा हीच असते. ज्यांनी भाडे तोलले त्यांच्यापैकी एकानेही २ पेक्षा जास्त द्यायची तयारी दाखवलेली नाही, तरी अहवालात मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक फुगलेला आकडा छापला जाईल आणि त्याच्या आधारे भाडे ठरेल.

दुर्लक्ष वेळेच्या ओळीकडे झाले असते तर उलट घडले असते: अंश घटला असता आणि मिनिटाची किंमत खरीपेक्षा कमी दिसली असती. प्रवासाच्या वेळेची किंमत वाहतूक प्रकल्पांच्या लाभ-खर्चाच्या हिशोबात मोठी भर घालते, म्हणून अशी चूक एखादा प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर करण्याइतकी मोठी असू शकते. डेव्हिड हेन्शर, जॉन रोज आणि विल्यम ग्रीन यांनी २००५ साली वाहतुकीच्या क्षेत्रातच या प्रश्नाला हात घातला आणि वगळलेले गुणधर्म हिशोबात घेतले की पैसे मोजण्याच्या तयारीचे आकडे बदलतात, हे दाखवले. त्यानंतर पर्यावरण, आरोग्य आणि शेती या विषयांतही हा प्रश्न अभ्यासला गेला.

'एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघेल ना?'

हा आक्षेप स्वाभाविक आहे. नेम चुकताना कोणी डावीकडे चुकतो, कोणी उजवीकडे, आणि सरासरी मध्यावर येते. दुर्लक्षाचे तसे नाही. ओळ सोडणारा माणूस तिचे वजन नेहमी शून्याकडेच ओढतो. तेच वजन दुप्पट वाढवून तोल सांभाळणारा दुसरा कोणी नसतो. शंभराऐवजी दहा हजार लोकांना विचारले तरी २.८६ हा आकडा २ होत नाही. तो फक्त अधिक ठामपणे २.८६ म्हणून समोर येतो, आणि हे जास्त धोक्याचे आहे.

'मग सरळ विचारून घ्या'

विचारतातही. कार्डे संपल्यावर, किंवा प्रत्येक कार्डानंतर, 'निर्णय घेताना यांपैकी कोणत्या ओळी तुम्ही लक्षात घेतल्या नाहीत?' असा प्रश्न घालतात. शेवटी एकदाच विचारले तर माणसाला दहा कार्डांचे मिळून एक उत्तर द्यावे लागते, आणि पहिल्या कार्डावर वाचलेली पण आठव्यावर सोडलेली ओळ कशात मोजायची, हे त्याला ठरवता येत नाही. प्रत्येक कार्डानंतर विचारले तर अचूकता वाढते, पण ओझेही वाढते, आणि सारखे विचारल्याने माणूस सावध होऊन वेगळे वागू लागतो.

शिवाय लोक जे सांगतात ते शब्दशः घेता येत नाही. 'भाडे पाहिले नाही' असे म्हणणाऱ्यांच्या खुणा वेगळ्या काढून तपासल्या की अनेक अभ्यासांत भाड्याचे वजन कमी निघते, पण शून्य निघत नाही. म्हणजे 'पाहिले नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'फारसे महत्त्व दिले नाही' असा असतो. अशा सर्वांचे वजन सरसकट शून्य धरले तर आपण एक चूक दुरुस्त करताना दुसरी करतो.

म्हणून दुसरी वाट काढली गेली: कोणालाही न विचारता खुणांवरूनच अंदाज घ्यायचा. असे मानायचे की लोकांमध्ये काही लपलेले गट आहेत. एक गट सगळ्या ओळी पाहतो, एक भाडे सोडतो, एक भाडे आणि जागा दोन्ही सोडतो, वगैरे. मग प्रत्येक माणसाच्या दहा खुणा कोणत्या गटाच्या वागण्याशी सर्वांत जास्त जुळतात, हे संगणकाने शोधायचे. रिकार्डो स्कार्पा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ग्रामीण भूदृश्याच्या मूल्यमापनासाठी अशी रीत वापरली. चार ओळींसाठी संभाव्य गट १६ होतात, पाच ओळींसाठी ३२, त्यामुळे गट हिशेबाने निवडावे लागतात. या वाटेचीही एक मर्यादा आहे: ज्याला जागेची खरोखर पर्वा नाही आणि ज्याने ती ओळ थकून सोडली, ते दोघे संगणकालाही सारखेच दिसतात.

नजर कुठे जाते हे टिपणारी उपकरणेही वापरून पाहिली गेली आहेत. डोळा एखाद्या ओळीवर गेलाच नाही, तर ती तोलली गेली नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उलटे मात्र म्हणता येत नाही. नजर स्थिरावली तरी मन तिथे होते याची हमी कोण देणार? या तिन्ही मार्गांची उत्तरे एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत, आणि जुळत नाहीत हे अहवालात उघड लिहिणारा अभ्यासक मला अधिक भरवशाचा वाटतो.

'अशी उत्तरे काढून टाकली तर?'

तर जे उरतील ते सगळ्या समाजाचे प्रतिनिधी राहणार नाहीत. कार्ड समजायला जड गेलेले, कमी शिकलेले, घाईत असलेले किंवा किंमत लावण्यालाच विरोध असलेले लोक बाहेर फेकले जातील. त्यांनाही त्याच बसमधून जायचे आहे आणि त्याच नदीचे पाणी प्यायचे आहे. त्यांचे उत्तर गैरसोयीचे आहे म्हणून त्यांचे मत मोजायचे नाही, हे मला पटत नाही.

'खऱ्या आयुष्यातही माणूस असाच निवडतो'

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. प्रत्यक्ष थांब्यावर उभा असलेला माणूसही चार आकडे तोलत नाही; जी बस आधी येते तिच्यात चढतो. मग कार्डावर त्याने तसेच केले तर बिघडले काय? जिथे कार्डावरचे दुर्लक्ष आणि रस्त्यावरचे दुर्लक्ष एकच आहे, तिथे बिघडत नाही. उलट ते टिपले गेले पाहिजे. पण दोन्ही ठिकाणी सारख्याच ओळी सुटतील असे नाही. कार्डावर भाड्याचा आकडा खिशातून जात नाही, म्हणून तो सोडणे सोपे असते. प्रत्यक्षात महिन्याच्या शेवटी तो जाणवतोच. याउलट वाट पाहण्याचा काळ कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, पण थांब्यावर तो कोणी आधी सांगत नाही. त्यामुळे 'लोक तसेही दुर्लक्ष करतात' एवढ्यावर विषय संपत नाही. कोणती ओळ, कुठे, कशामुळे, हे पाहावेच लागते.

दोष नेहमी उत्तर देणाऱ्याचा नसतो

२४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि निसर्गाच्या हानीची किंमत पाहणीतून काढता येते का, यावर मोठा वाद पेटला. त्या काळात एक्सॉन कंपनीच्या पैशातून झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारले गेले की उघड्या तेलतळ्यांत पडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवण्यासाठी ते किती देतील. एका गटाला २,००० पक्षी सांगितले, दुसऱ्याला २०,००० आणि तिसऱ्याला २,००,०००. सरासरी उत्तरे अनुक्रमे ८०, ७८ आणि ८८ डॉलर आली. पक्षी शंभरपट झाले तरी रक्कम जवळजवळ जागची हलली नाही. लोकांनी संख्येकडे सपशेल दुर्लक्ष केले, असा याचा अर्थ लावला गेला आणि पाहणीची पद्धतच कुचकामी आहे असा निष्कर्ष काही जणांनी काढला.

पण त्या प्रश्नात आणखी एक माहिती होती. २,००० म्हणजे एकूण पक्ष्यांच्या एक टक्क्यापेक्षा खूप कमी, २०,००० म्हणजे एक टक्क्यापेक्षा कमी आणि २,००,००० म्हणजे सुमारे दोन टक्के, असेही लोकांना सांगितलेले होते. ज्याने टक्केवारीकडे पाहिले त्याला तिन्ही प्रसंग 'अगदी थोडेसे' याच कोटीतले वाटले असतील. मग त्याने माहितीकडे दुर्लक्ष केले असे म्हणायचे, की विचारणाऱ्याने शेजारी ठेवलेली दुसरी माहिती लक्षपूर्वक वाचली असे म्हणायचे? केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी सरकारच्या सागरी व वातावरणीय संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९९३ साली ही पद्धत सरसकट फेटाळली नाही. कडक अटी घातल्या, आणि हानीचे प्रमाण वाढले की उत्तरही योग्य प्रमाणात वाढते का, हे तपासण्यावर भर दिला.

हीच तपासणी कार्डांनाही लावता येते, आणि तिची सुरुवात मोठ्या पाहणीच्या आधी व्हायला हवी. पाच-दहा माणसांशेजारी बसून त्यांना मोठ्याने विचार करत कार्ड भरायला सांगावे. कोणती ओळ अडते, कोणता शब्द चुकीचा समजतो, हे तासाभरात कळते. ओळी कमी करणे हा मोहक उपाय आहे, पण त्यालाही मर्यादा आहे: भाड्याची ओळच काढली तर लोक स्वतःच अंदाज बांधतात की जलद बस महागच असणार, आणि त्या अंदाजावर खूण करतात. म्हणजे ओळ कार्डावरून जाते आणि डोक्यात राहते, तिथे ती कोणालाच मोजता येत नाही.

२०१५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटवण्यासाठी शरीरात बसवायच्या एका उपकरणाला मान्यता देताना, रुग्ण किती धोका पत्करायला तयार आहेत हे दाखवणाऱ्या पाहणीचाही विचार केला होता. अशा कार्डावर एका ओळीत किती वजन घटेल हे असते आणि दुसऱ्या ओळीत गुंतागुंतीची किंवा मृत्यूची शक्यता असते. त्या दुसऱ्या ओळीकडे किती जणांनी पाहिले, किती जणांना ती समजली आणि किती जणांनी भीतीपोटी तिच्यावरून नजर काढून घेतली, हे विचारल्याशिवाय पहिल्या ओळीवरच्या खुणा मोजू नयेत.